आमच्या पिढ्या सांगणारा

चार वर्षांपूर्वी आमच्या तांड्यातल्या शाळेची स्मरणिका निघाली. तिच्यात माझाही लेख आहे. त्यात मी लिहिलं होतं की, नायकाने, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाने, हरकत घेतल्यामुळे ढाडीचं नाव बंजाऱ्यांच्या यादीत येऊ शकलं नाही. हे खोटं आहे. नायक वारून चाळीस वर्षं होऊन गेली, ते उत्तर द्यायला येणार नाहीत. खरं काय घडलं ते स्वतः पाहिलेला-ऐकलेला आता मीच उरलो आहे.

आमचा तांडा उमरखेडपासून चार कोसांवर. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. त्या फिरतीला लदेणी म्हणत. रेल्वे आली, लदेणी बुडाली, आणि बैल जिथे थांबले तिथे आम्ही कापूस आणि तूर पेरू लागलो. सरकारी कागदावर आम्ही बंजारा, उमरखेडच्या बाजारात लमाणी, आणि आपल्या घरात गोर. जे गोर नाहीत ते सगळे कोर. मग तो पाटील असो की कलेक्टर.

छप्पन साली आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि साठ साली महाराष्ट्र झाला. मी तेव्हा तांड्याच्या शाळेत मास्तर होतो, तांड्यातला पहिला मॅट्रिक. याडीला, म्हणजे माझ्या आईला, मी दोन्ही वेळा सगळं समजावून सांगितलं. दोन्ही वेळा तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आपण गोरच ना अजून?" मी हो म्हटल्यावर ती चुलीकडे वळली. मला त्या उत्तराचा फार अभिमान वाटे. राज्यं बदलली, आम्ही तेच.

आम्ही कोण, हे सांगणारा माणूस होता ढाडी. प्रत्येक घराच्या पिढ्या पाठ असणं हे ढाडीचं काम. सुगी झाली की तो भोपळ्याची किंगरी घेऊन दारोदार यायचा, अंगणात बसायचा, तारेवर गज फिरवत त्या घराचे बाप, आजे, पणजे एकेक करून गायचा. कोण कोणत्या घाटात मेला, कोणाचा बैल कोणत्या नदीत वाहून गेला, कोणी कुठे विहीर बांधली. वर्षात मूल जन्मलं असेल तर त्याचं नाव शेवटी जोडायचा. आपलं नाव किंगरीवर ऐकताना पोराटोरांच्या छात्या फुगत. माझीही फुगली होती. मग त्याला धान्य मिळायचं, आणि जेवण अंगणातच, पानावर. पाणी वरून ओतत. तो आमच्या तांड्यात राहायचा, गोरबोली आमच्यापेक्षा सुंदर बोलायचा, पण त्याच्याशी आमचा रोटीबेटीचा व्यवहार नव्हता. तो ढाडी, आम्ही गोर. यात काही विचार करण्यासारखं आहे, असं मला तेव्हा कधी वाटलं नाही.

एकदा बाजारात मी आणि तो एका कापडवाल्याच्या दुकानात शिरलो. दुकानदार गादीवरूनच ओरडला, "ए लमाण्याहो, खालीच बसा! गादीले हात नका लावू!"

माझे कान तापले. ढाडी मात्र ऐसपैस खाली बसला आणि म्हणाला, "नाही लावत शेठ. तुमच्या आज्याच्या दुकानात मीठ कोणाच्या बैलावर येत होतं, तेवढं आठवून राह्यलो."

"कोणाच्या बैलावर?"

"या मास्तरच्या पणज्याच्या. बैलाच्या घंट्या वाजल्या का तुमचा आजा गादी सोडून वेशीवर येऊन उभा राह्यचा. आता तुम्ही उठत नाही, ते बी बरोबर हाय. मीठ आता मोटारीनं येते."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. दुकानदारही हसला. "बैस बाप्पा वर, बैस! पण माह्या आज्यापाशी नको जाऊ आता."

परत येताना मी चार कोस मान वर करून चाललो. लमाण्या ही शिवी त्या दिवशी दोघांनाही सारखीच मिळाली होती, हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

साठ सालानंतर दोन-तीन वर्षांतली गोष्ट. तालुक्याला बंजारा मुलांसाठी वसतिगृह निघालं. खाणं-राहणं फुकट, सातवीपर्यंत शिक्षण. ढाडीचा मुलगा माझ्या चौथीच्या वर्गात होता. एका सकाळी ढाडी शाळेत आला आणि दाराबाहेरूनच बोलला.

"मास्तर, पोराले गळा नाही. किंगरी धरली का बकरी वरडल्यावाणी वाटते. पण अक्षर कसं काढते, पाह्यलं?"

"वर्गात पहिला आहे," मी म्हणालो.

"मग त्याले तिथं घाला. माह्या घरात बिनगळ्याच्या माणसाले कामच नाही. गाता येत नसन तं लिहिता तरी येऊ द्या."

मी बघतो म्हणालो.

काही दिवसांनी वसतिगृहासाठी बंजारा घरांची यादी करायला तहसिलातले एक साहेब आले. त्यांना संशय होता. "तुमची आडनावं तर मराठ्यांतही आहेत. तुम्ही बंजारेच, याला पुरावा काय? कागद आहेत?"

कागद कुणाकडे असणार? नायकांनी लिंबाखाली खाट टाकून साहेबांना बसवलं आणि ढाडीला बोलावलं.

त्या दिवशी तो जसा गायला तसा पुन्हा कधी गायला नाही. नायकांच्या घरापासून सुरुवात केली. सात पिढ्या, प्रत्येकाची लदेणी कुठून कुठे जायची, पाणी कुठे प्यायली. एका आज्याच्या मरणापाशी आला तेव्हा मागे उभ्या म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून रडू लागल्या. मी त्याचे शब्द साहेबांना मराठीत सांगत होतो. सहा घरं झाली. साहेब हुशार होते. म्हणाले, "तिसरं घर पुन्हा सांगा. पण शेवटच्या नावापासून वर."

ढाडीने गज खाली ठेवला, डोळे मिटले आणि लहान पोरापासून थेट मूळ पुरुषापर्यंत एकही नाव न चुकता चढत गेला. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "बस," ते म्हणाले. "याहून मोठा पुरावा माझ्या कचेरीत नाही. मास्तर, लिहा यादी."

मी शाळेतून टेबल आणवलं आणि लिहू लागलो. एकेका घराचं नाव लिहिताना वाटत होतं, आज माझ्या हाताने हे सगळे कागदावर येत आहेत. सत्तावीस घरं लिहून झाली. साहेबांनी यादीवरून नजर फिरवली आणि विचारलं, "आणि हे बुवा? यांचं घर यात दिसत नाही."

नायक माझ्या कानाशी वाकले आणि आमच्या बोलीत म्हणाले, "लिहून टाक, बेटा. तोही आपलाच. कोण विचारतो?"

हेच ते वाक्य. नायकांनी हे म्हटलं होतं. हरकत मी घेतली.

मी उठून उभा राहिलो आणि साहेबांना म्हणालो, "नाही साहेब. ते गोर नाहीत. ढाडी आहेत. आमची रोटीबेटी होत नाही त्यांच्याशी."

"भाषा तीच ना? तांडा तोच?"

"हो. पण खोटं लिहिलं तर सगळी यादीच खोटी ठरेल."

मी काही भ्यालो नव्हतो, कुणी मला दटावलं नव्हतं. मॅट्रिक मास्तराला खरं-खोटं कळतं, हे तहसिलातल्या माणसाला दाखवायचं होतं. आणि नुकत्याच ऐकलेल्या त्या सात पिढ्यांनी मी इतका भरून गेलो होतो की, त्या कुणाच्या तोंडून ऐकल्या याचा विसर पडला.

साहेबांनी ढाडीकडे पाहिलं. तो किंगरी फडक्यात गुंडाळत होता. त्याने नायकांचं बोलणंही ऐकलं होतं आणि माझंही. तो साहेबांना म्हणाला, "मास्तर खरं बोलले. मी गोर नाही. गोर कोण, ते सांगणारा." मग ताठ मानेने आपल्या झोपडीकडे निघून गेला.

वसतिगृहात आमच्या तांड्यातली चार मुलं गेली. ढाडीचा मुलगा उमरखेडच्या एका जिनिंगमध्ये कापसाचे बोद, ती मोठाली पोती, वाहायला लागला. यादी कचेरीत पुढचे पंधरा दिवस पडून होती. मी सायकल काढून तिथे जाऊ शकलो असतो. गेलो नाही.

पुढच्या सुगीला ढाडी नेहमीसारखा आमच्या अंगणात आला. मला तेव्हा पहिला मुलगा झाला होता. आमच्या पिढ्या गात गात तो माझ्यापर्यंत आला आणि माझ्या नावापुढे त्याने एक ओळ जोडली: ज्याने तांड्याची यादी लिहिली. त्या ओळीत टोमणा होता का, हे मी त्याच्या चेहऱ्यावर शोधलं. नव्हता. ते त्याचं काम होतं आणि घडलेलं तो गाळत नसे. मरेपर्यंत दर वर्षी त्याने ती ओळ गायली. याडी मात्र दर वेळी त्या ओळीला आत निघून जायची. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुला गोर केलं कुणी? मी जन्म दिला. गोर त्याने केलं."

त्याच्यानंतर आमच्या तांड्यात पिढ्या सांगणारा झाला नाही. माझ्या नातवंडांची नावं कुणाच्या तोंडी नाहीत.

गेल्या महिन्यात मी उमरखेडला ढाडीच्या मुलाकडे गेलो. तोही आता म्हातारा झाला आहे. नायकांनी काय म्हटलं होतं आणि मी काय म्हटलं होतं, ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मले माहीत होतं. बापानं सांगतलं होतं."

"मग तू कधी बोलला नाहीस?"

"तुमच्या घरच्या गोष्टी तुमच्याच अंगणात सांगाच्या, असं बाप म्हणे."

आमच्या सत्तावीस घरांची यादी पुन्हा उतरवलेली वही मी काढली आणि त्याच्या पिढ्या विचारल्या. साठ वर्षांत त्या कुणी विचारल्या नव्हत्या. तो खाटेवर सरळ बसला आणि त्या फाटक्या, बिनसुराच्या आवाजात, बापासारखे डोळे मिटून गाऊ लागला. पाच नावं निघाली. पाचही जणांनी आमच्याच पिढ्या सांगितल्या होत्या. ती पाच आणि सहावं त्याचं, अशी सहा नावं मी लिहिली आहेत. आमच्या सत्तावीस घरांच्या वर.