घागरीचा नंबर

उभे राहणे ही एकच क्रिया आहे असे समजणाऱ्याने कधी कॅलिपर घातलेला नसतो. माझ्या डाव्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंत दोन लोखंडी पट्ट्या आणि गुडघ्यापाशी दोन कड्या होत्या. कड्या खाली सरकवल्या की गुडघा ताठ होऊन उभे राहता येई. वर ओढल्या की गुडघा वाकून बसता येई. उभे असताना भार पायावर न पडता मांडीच्या वरच्या चामडी पट्ट्यावर पडे, आणि अर्ध्या तासात तिथली कातडी सोलवटून निघे. वर्गात फळ्याजवळ खुर्ची ठेवून मी हा प्रश्न सोडवला होता. रांगेत खुर्ची नसते.

हे आधीच सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. शिरूर अनंतपाळकडच्या एका गावी मी प्राथमिक शाळेत शिकवत असे. शाळेच्या पाटीवर नव्या जिल्ह्याचे नाव रंगवून झाले होते, आणि त्याच वर्षी गावच्या विहिरीचा तळ उघडा पडला होता. चौथीच्या मुलांकडून मी नव्या जिल्ह्याचा नकाशा काढून घेत होते, तेव्हा एका मुलीने विचारले, "बाई, आपला जिल्हा वरून कसा दिसतो?" मला माहीत नव्हते. शाळेच्या ओट्याहून उंच अशा कुठल्याही जागी मी कधी चढले नव्हते. लातूरच्या मैदानात पाळणे आले आहेत, त्यांतला आकाशपाळणा फार उंच आहे, असे ऐकले होते. मी म्हणाले, "पाहून येते आणि सोमवारी सांगते." शिक्षिकेने वर्गाला दिलेला शब्द होता तो. खरे सांगायचे तर तो मी स्वतःलाही दिला होता.

रविवारी लातूरला आई बरोबर आली. तिला घागर घ्यायची होती. गावात टँकर दिवसाआड येई. तो थांबे त्या जागी पहाटेच घागरी ओळीने मांडायच्या आणि आपापल्या कामाला निघून जायचे, अशी रीत होती. जिथे घागर, तिथे माणूस. ओळ पुढे सरकली की मागची बाई आपल्या घागरीबरोबर पुढची बेवारशी दिसणारी घागरही पायाने अलगद सरकवी. आईने लहानपणी विहिरीपासून लांब उभे राहून, कोणी वरून पाणी ओतते का याची वाट पाहिली होती. आम्ही बौद्ध झाल्यावरही विहीर लगेच आमची झाली नाही. टँकर सुरू झाला तेव्हा आमच्या वस्तीने भांडून एकच गोष्ट पदरात पाडून घेतली होती: घागर कोणाची हे कोणी विचारायचे नाही, कितवी एवढेच विचारायचे. त्यामुळे आईचा रांगेवर फार विश्वास होता.

आकाशपाळण्याची रांग मैदानाच्या अर्ध्यापर्यंत आली होती. आईने ती पाहिली, माझ्या पायाकडे पाहिले आणि नुकतीच विकत घेतलेली कोरी घागर रांगेच्या शेवटी ठेवून दिली.

"तू बस गं माय लिंबाखाली. घागर हाय की नंबराला."

"इथं चालेल का?"

"रांग हाय न्हवं? मंग न चालाया काय झालं?"

मागे मुरुडची एक बाई उभी होती. तिने काहीही विचारले नाही. "जावा, बसा. मी सरकवते," एवढेच म्हणाली. कड्या ओढून मी आईबरोबर कडुलिंबाखाली बसले आणि तासभर आमची घागर माणसासारखी पुढे पुढे जाताना पाहत राहिले. ती फळीच्या पायऱ्यांपाशी पोचली तेव्हा मी उठले, कड्या लावल्या आणि निघाले. दहा-बारा पावले उरली असतील, तेवढ्यात गळ्यात शिट्टी अडकवलेल्या पाळणेवाल्याने घागरीला लाथ मारली.

ती गडगडत जमिनीत ठोकलेल्या खुंटीवर आदळली. तिला पोचा आला.

"घागरीला बसवायचं का काय पाळण्यात?" तो ओरडला.

"अहो, नंबर हाय तो!" मुरुडची बाई म्हणाली. "त्या बाईंच्या पायाला लोखंड हाय. बसल्यात तिकडं."

"रांगेत माणूस पायजे, भांडं न्हाई."

"बसू द्या की घागरीला!" मागून कोणीतरी ओरडले. "पाणी कुठं हाय ते वरून दिसंल तिला!"

सगळी रांग हसली. आजही राग येतो तो त्या लाथेचा नाही, त्या हसण्याचा. हसणाऱ्यांपैकी किती जणांच्या घागरी त्याच घटकेला आपापल्या गावी, आपापल्या गल्लीत, कोणाच्या तरी भरवशावर उभ्या असतील? तिथे घागर ओळीतून हलवली तर हेच लोक एकमेकांची गचांडी धरतात. मैदानात आल्याबरोबर ते शहाणे झाले होते.

तिकिटाच्या टेबलावरची पाटी मला आता दिसली: 'अपंगांस प्राधान्य'. मी तिकडे गेले. दाखला माझ्या पिशवीत कायम असे, घडीवर फाटू नये म्हणून मागे कापड चिकटवलेला. टेबलावरच्या कारकुनाने तो दोनदा वाचला.

"मॅडम, हा जुन्या जिल्ह्याचा आहे. आता आपला जिल्हा वेगळा. नवीन शिक्का लागतो."

"जिल्हा नवा झाला. पाय तोच आहे."

"ते दिसतंय मला."

"दिसतंय, तर शिक्का कशासाठी?"

त्याने दाखला घडी घालून परत दिला. "तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला तरी नियम समजायला पाहिजे."

नियम मला समजतो. मी तो रोज शिकवते. आणि शिकवताना आधी हे सांगते, की नियम कशासाठी केला ते विसरलात तर तो पाठ करून काही उपयोग नाही. हे सगळे मी त्याला सांगितले, आवाज चढवून सांगितले. चौथीचा वर्ग कधी एवढा शांत बसला नव्हता. रांगेतला एक म्हातारा कळवळला, "जाऊ द्या हो बिचारीला पुढं." पाळणेवाल्यानेही हात हलवला. "या बाई, या. पुण्य लागंल."

"मला पुढे नको," मी म्हणाले. "घागर होती त्या जागी पाहिजे."

"एकच न्हाई का ते?"

"नाही."

"मंग जावा मागं!" त्याने शिट्टी फुंकली.

मी मागे गेले. अगदी शेवटी. आई पोचा पडलेली घागर कडेवर घेऊन माझ्या शेजारी उभी राहिली. "लई हट्टी हायस," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पर मीबी न्हाई गेले असते." पाऊण तासाने परकराला ओल लागली. ते रक्त होते हे मला कळले, पण मी कड्या ओढल्या नाहीत.

शेवटी नंबर आला. पाळणा वर गेला. नदीच्या रेषा नव्हत्या, तालुक्यांच्या सीमा नव्हत्या. शेवटपर्यंत तपकिरी जमीन होती, आणि नव्या कचेऱ्यांसाठी आखलेल्या चुन्याच्या पांढऱ्या ओळी. अलीकडच्या वस्तीत रस्त्याच्या कडेला घागरींची एक लांब ओळ उन्हात टँकरची वाट पाहत उभी होती. शेजारी एकही माणूस नव्हता, आणि एकही घागर जागची हललेली नव्हती. पाळणा खाली येईपर्यंत मी तेवढेच पाहत होते.

सोमवारी मांडीला पट्टी बांधून मी वर्गात गेले. जिल्हा वरून तपकिरी दिसतो, असे सांगितले. मग फळ्यावर सात घागरी ओळीने काढल्या, चौथी ओल्या फडक्याने पुसली आणि ओळीबाहेर, फळ्याच्या कोपऱ्यात, आडवी काढली.

"हिला कोणीतरी लाथ मारली," मी म्हणाले. "आता हिचा नंबर कितवा?"

जिल्हा कसा दिसतो असे विचारणारी ती मुलगी उठली. मी तिला फसवते आहे की काय, अशा संशयाने तिने माझ्याकडे पाहिले.

"चौथाच की, बाई. लाथ मारल्यावर नंबर कसा जाईल?"