घराचं चित्र

आता माझ्या हुद्द्याच्या आधी 'सीनियर' लागलंय आणि दिवस बहुतेक मीटिंगांमध्ये जातो. लोक अ‍ॅप कसं वापरतात, कुठे अडतात, हे शोधून काढणं माझं काम. हल्ली गावोगाव हिंडतात ते तरुण सहकारी. मी शहरात, चेरीताल भागातल्या घरी, मागच्या खोलीत बसून त्यांची टिपणं वाचते. वाचता वाचता मन कुंडमच्या बसमध्ये जाऊन बसतं.

नोकरीचं ते पहिलंच वर्ष. आई म्हणायची, "रोज रोज लोकांना काय विचारून राहिली तू?" मला धड सांगता यायचं नाही. आमच्या छोट्या कंपनीने आरोग्यसेविकांसाठी अ‍ॅप बनवलं होतं. घरोघरी जाऊन गरोदर बायकांची माहिती त्यात भरायची. कुंडमजवळच्या गावातल्या एका सेविकेची माहिती सारखी अर्धवट येत होती, म्हणून मला पाठवलं.

बाई पन्नाशीच्या. त्यांनी खाट टाकली, चहा दिला आणि मी काही विचारायच्या आतच सांगून टाकलं की अ‍ॅप फार चांगलं आहे, आपलंच बोट नीट चालत नाही. भरलेलं पुसलं जातं, मग एकेकीची माहिती तीन-तीनदा भरावी लागते.

मी त्यांच्यासोबत निघाले. पहिल्या घरी त्यांनी नाव, वय, वजन, सगळं सावकाश भरलं. मग उठून शेजारच्या अंगणात शिरल्या आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घराचं चित्र दाबलं. भरलेलं सगळं गेलं.

"ये क्यों दबाया, दीदी?" मी विचारलं.

"दूसरे घर आ गए ना."

मला हसू आलं. लगेच आवरलं, पण त्यांनी पाहिलं होतं. फोन पदराने पुसून त्यांनी पिशवीत ठेवला आणि पुढची घरं वहीवरच केली. ते हसू मला अजून टोचतं. त्या बटणाने अ‍ॅपचं पहिलं पान उघडतं, हे आम्ही त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

ऑफिसात डिझाइन करणारा सहकारी म्हणाला, घराचं चित्र सगळीकडे असतं, त्यांना शिकवून ये. वाद घालायची माझी हिंमत नव्हती. मी त्याला एवढंच म्हटलं की एकदा माझ्याबरोबर चल. तो आला आणि दिवसभर बाईंच्या मागे उन्हात हिंडला. महिन्याभरात ते चित्र गेलं, त्या जागी शब्द आले आणि भरलेली माहिती आपोआप राहू लागली.

थंडीत मी पुन्हा गेले. बाई खुशीत होत्या. म्हणाल्या, "अब मेरी उँगली ठीक चलने लगी है."

मी त्यांना सांगितलं की बोट आधीपासून ठीकच होतं, चूक आमच्या अ‍ॅपची होती. त्या दिवशी हसले त्याबद्दल माफीही मागितली. बाई "अच्छा" म्हणून उठल्या, कुंपणापाशी गेल्या आणि शेजारणीला हाक मारली.

"सुनो, गलती इन लोगों की थी."

शेजारीण हातातलं सूप ठेवून मला बघायला बाहेर आली. मी मान डोलावली. त्या दोघी कितीतरी वेळ हसत होत्या आणि मीही.