धुऊन दिलेला जार

मंडळी, सल्ला हवाय. आमच्या केडगावातल्या जारवाल्याने वकिलाची नोटीस पाठवलीय, अब्रुनुकसानीची.

बारशाला त्याच्याकडून पाण्याचे जार घेतले होते. संध्याकाळी घरात चौघांना उलट्या झाल्या. एका जारच्या तळाशी हिरवट गाळ दिसला. मी रागात त्याच्या नावासकट इथे पोस्ट टाकली, पण फोटो काढायचं सुचलंच नाही.

आता नोटिशीत पुरावा मागितलाय. दुसऱ्याचं भांडं धुऊनच परत द्यायचं, ही आमच्या घरची रीत. तो जार मीच घासूनपुसून दिला होता.

मघाशी तो स्वतः दारात येऊन शांतपणे म्हणाला, “ताई, जार लई चकचकीत दिला हुता तुमी. कोर्टात तोच दाखवतो.”

गाळ मी पाहिलाय, पण एकटीनेच. पोस्ट काढू का?