सिग्नलला बंद पडलेलं इंजिन

मागच्या शनिवारी आम्ही पिकअप निवडायला गेलो होतो. निवड झाली, पण शोरूममध्ये नाही... बाहेर, एका लाल सिग्नलला.

आधी थोडं सांगते. माझा नवरा शिरीष पाण्याचे पंप बसवतो आणि दुरुस्त करतो. आम्ही राहतो इथे आखातात, अल बर्शाला, पण त्याची बरीच गिऱ्हाइकं अल ऐनच्या पलीकडे, खजुराच्या बागांमध्ये. शेवटचा पट्टा डांबरी रस्ता सोडून वाळूतून जातो. तिथे फोनला रेंज नसते.

जुलैत त्याची जुनी पिकअप तिथेच बंद पडली, भर दुपारी. घरी येऊन म्हणाला, "काही नाही गं, गाडीत आरामात बसलो होतो. एक टँकरवाला आला, त्याने ओढून आणलं. खलास!"

त्याच्या तळहातांवर फोड होते. मी मलम लावलं, पण काही विचारलं नाही. त्याला बोलायचं नव्हतं म्हणून, की मलाच ऐकायचं नव्हतं? अजून ठरवता आलेलं नाही.

गाडी दुरुस्त झाली, तो पुन्हा जायला लागला. मी मात्र रोज दुपारी एसीत बसूनसुद्धा घामाघूम व्हायचे... जड पंप वाहून ती गाडी थकली होती, म्हणून मोठी, फुल-साइज पिकअप घ्यायची ठरलं. आणि मी इंजिनांबद्दल वाचायला लागले.

मी इतिहास शिकलेली बाई. टर्बो म्हणजे नक्की काय, हेही मला नीट माहीत नव्हतं. आता भाजी चिरता चिरता लोकांचे अनुभव वाचायचे. सहा सिलिंडरचं व्ही-सिक्स ट्विन टर्बो घ्यावं, की जुन्या पद्धतीचं, आठ सिलिंडरचं साधं व्ही-एट? एकात ताकद जास्त आणि पेट्रोल कमी, दुसऱ्यात बिघडण्यासारखे भाग कमी. पण प्रत्येक इंजिनाच्या माहितीखाली कुणीतरी 'माझं बंद पडलं' असं लिहिलेलं असतंच. तेवढंच वाक्य माझ्या लक्षात राहायचं.

"तुझ्या आईला आता गॅरेज काढून देतो," शिरीष मुलीला सांगायचा. ती मान वर न करता म्हणायची, "शी इज जस्ट स्केअर्ड, बाबा." तो हसायचा. मला वाटायचं, या घरात भित्री मी एकटीच... माझ्या भीतीपायी याच्या कामाची गाडी मी का निवडतेय?

शनिवारी टेस्ट ड्राइव्हला मी पाण्याचा मोठा कॅन घेऊन गेले. जुलैपासून सवयच लागलीये. सेल्समन मल्याळी होता, कॅन बघून म्हणाला, "मॅडम, शोरूम का चक्कर है, सफारी नहीं!" शिरीष माझ्यापेक्षा जोरात हसला.

आधी व्ही-सिक्स. शिरीष चालवत होता, मी शेजारी, सेल्समन मागे. काय गाडी होती! नुसता पाय टेकवला की उडायची. शिरीषचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मी मनात म्हटलं, हीच घेऊ या, मी माझं घाबरणं आवरते.

मग सिग्नल लागला. गाडी थांबली... आणि इंजिन बंद झालं. एकदम शांत.

माझा हात कॅनकडे गेला. पण माझ्याआधी शिरीषने पट्टा काढला होता, दार उघडलं होतं. एक पाय ब्रेकवर, दुसरा रस्त्यावर. माझ्याकडे बघून तो ओरडला, "उतर! आधी उतर, आत बसू नकोस!"

असा आवाज मी आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता.

"सर, सर! बंद नहीं हुआ," मागून सेल्समन घाबरून म्हणाला. "सिग्नल पे खुद रुकता है, पेट्रोल बचाने को. ब्रेक छोड़ेंगे तो चालू. बटन भी है, ऑफ कर सकते हैं." शिरीषने दार लावलं. त्याचा पट्टा मी लावून दिला.

आत बसू नकोस... म्हणजे जुलैत तो आरामात बसलेला नव्हता.

परत आल्यावर पार्किंगमध्येच त्याने सांगितलं. इंजिन आत्ता चालू होईल, आत्ता होईल म्हणून तो आत बसून राहिला. बॅटरीच गेलेली, काचा उघडेनात. डोकं गरगरायला लागलं तेव्हा कसंबसं दार उघडून खाली पडला, आणि तापलेल्या पत्र्याला धरत धरत गाडीच्या खाली सावलीत शिरला. टँकरवाल्याला वाळूवर आधी फक्त त्याचे पाय दिसले.

"तुला सांगितलं असतं तर तू मला जाऊच दिलं नसतंस," तो म्हणाला.

खरं आहे. नसतंच जाऊ दिलं.

आम्ही साधं व्ही-एट घेतलं, मध्येच स्वतःहून बंद न होणारं. कदाचित व्ही-सिक्सच जास्त चांगलं असेल, मला खात्री नाही. आता वाचणं थांबवलंय... 'कधीच बंद पडणार नाही' असं कुठल्याच इंजिनाबद्दल कुणी लिहीत नाही, एवढं मात्र कळलं.

गाडी यायची आहे, तोवर जुनीच चाललीये. काल दुपारी त्याचा फोन आला, मी न विचारता. "डांबर संपलं. आत वळतोय. बागेत माणसं आहेत, त्यांना सांगून ठेवलंय." मी म्हटलं, "पाणी?" तो म्हणाला, "दोन कॅन आहेत गं बाई." मग मी कणीक मळायला घेतली आणि कितीतरी वेळ मळतच राहिले.

फोन पुन्हा वाजला. "डांबर लागलं."

जे इंजिन आम्ही घेतलं नाही, त्याचे आभार मानायचे राहिलेत. त्या सिग्नलला ते बंद पडलं नसतं, तर हे दोन फोन मला कधीच आले नसते.