सूनबाईचं टेबलाएवढं मशीन

कापूस वेचून घरी आलं की अंगाला काड्याकुड्या चिकटलेल्या असतात. कुठल्या ओळीत चिकटल्या, सांगता येत नाही. सूनबाईच्या लॅबमधले किस्से मला तसेच चिकटले!

मी बार्शीटाकळीचा. शाळा कधी पाहिली नाही, शेती पाहिली. आता म्हातारी आणि मी मुलाकडे अमरावतीला असतो. सूनबाई इथल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या मॅडम. घरी मला करमत नाही म्हणून ती मला स्कूटीवर बसवून सोबत नेते. बाहेरच्या खोलीत माझी खुर्ची. तिथल्या स्क्रीनवर आतलं सगळं दिसतं. समजत मात्र नाही.

*

पहिल्याच दिवशी विचारलं, "सूनबाई, तुमी बनवून काय राहिले?"

"बाबा, एक्स-रेचा लेसर. बाहेरच्या देशांत हे मशीन दोन-तीन किलोमीटर लांब असते. आमाले ते टेबलावर मावेल एवढं करायचं आहे."

मी म्हटलं, "मंग बाकीची लांबी गेली कुठी?"

गवई सर, म्हणजे तिथले कॉम्प्युटरवर हिशोब मांडणारे, डोक्याला हात लावून म्हणाले, "बाबा, तेच तं कमिटीले समजावून राहिलो आमी!"

मशीनसाठी पैसे देणारी ही कमिटी करीच्या दिवशी येणार होती, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. मशीनमधून निघालेल्या किरणांचा स्क्रीनवरचा ठिपका तिला एका जागी टिकलेला दाखवायचा. नाही दाखवला तर लेसर वापस जाणार आणि खोलीही जाणार. सूनबाईची सात-आठ वर्षांची मेहनत त्या खोलीत होती. आणि ठिपका तर रोज बेडकासारखा उड्या मारत होता, कोणी आत-बाहेर केलं की आणखीच!

*

गवई सरांनी एकदा मला फार प्रेमाने समजावलं. "बाबा, म्हैस तळ्यात धसली की मागं लाट उठते ना? त्या लाटेवर काडी बसली तं कशी पळते! आमचा लेसर म्हणजे म्हैस. गॅस म्हणजे तळं. इलेक्ट्रॉन म्हणजे काडी. पळालेली काडी चुंबकांच्या मधून नागमोडी गेली की एक्स-रे निघते."

मला पटलं. घरी जाऊन म्हातारीला जसंच्या तसं सांगितलं. ती भाकर थापता थापता म्हणाली, "थे सारं ठीक आहे. पण म्हशीले तळ्याबाहेर कोण काढते?"

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं. सरांनी पेनला टोपण लावलं. मग म्हणाले, "बाबा, म्हैस राहू द्या."

*

त्यांचा लेसर म्हणे इतका कमी वेळ चमकतो की डोळ्याची पापणी लवणं त्यापुढे युगासारखं!

मी विचारलं, "काम इतक्या लवकर होते, तं जेवाले रोज तीन काहून वाजते?"

सूनबाई हसली. डबा मात्र त्या दिवशीही तीनलाच उघडला.

*

माझा गुडघा दुखतो. म्हटलं, घरचंच मशीन आहे. "सूनबाई, यात माया गुडघ्याचा फोटो निघन काय?"

"बाबा, हे अणू पाहाले आहे. अणू कसे हलतात, ते यात दिसन."

"मंग गुडघ्यातही अणू असनच ना?"

वर्कशॉपचे अस्लमभाई पंपाचे नट आवळत होते. तिथूनच ओरडले, "बाबा, तुमचा गुडघा या मशीनसाठी लय मोठा आहे!"

*

पोळ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. खांदमळणीची. गावी या वेळेला मी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावून त्यांना जेवायचं आवतण द्यायचो. आता बैल नाहीत. हात मात्र शिवशिवत होते. स्क्रीनवर ते मशीन मुकाट उभं दिसलं आणि तोंडातून निघून गेलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

अस्लमभाई धामणगावचे, शेतकऱ्याच्या घरातले. त्यांनी पाना खाली ठेवला. "झालं! आवतन दिलेला बैल पोळ्याले जुपत नाहीत. आता उद्या मशीनही जुपता येत नाही."

गवई सर खुर्चीतून उठले. "अस्लमभाई, परवा कमिटी आहे! ठिपका अजून उडून राहिला! उद्याचा एकच दिवस आहे!"

"सर, आवतन वापस घेता येते काय?"

"म्या सहज म्हटलं गा," मी म्हणालो. कोणी ऐकेना.

सगळे सूनबाईकडे पाहू लागले. तिचे डोळे जागरणाने लाल झाले होते. तिने स्क्रीन बंद केली. मग म्हणाली, "पंप आणि एसी चालू राहू द्या. दाराले कुलूप लावा. उद्या सगळे आमच्या घरी जेवाले या."

पोळ्याला सगळे आले. गवई सरांच्या हातातली पुरणपोळी हातातच थंड झाली. मला एक घास गेला नाही. म्या हे काय करून ठेवलं!

करीच्या दिवशी कमिटी आली. सूनबाईने बटण दाबलं. ठिपका मधोमध. पुन्हा दाबलं. तिथंच. दुपार झाली तरी ठिपका जागचा हलला नाही!

कमिटीचे मोठे साहेब चष्मा काढून म्हणाले, "मागच्या रिपोर्टमध्ये तर बीम फारच अस्थिर होता. तुम्ही नेमकं काय बदललं?"

गवई सरांनी सूनबाईकडे पाहिलं. सूनबाईने अस्लमभाईंकडे. अस्लमभाईंनी माझ्याकडे.

"काहीतरी प्रोसिजर असेलच ना?" साहेब म्हणाले.

गवई सरांनी घसा साफ केला. "हो सर. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मशीनले आवतन द्या लागते."