माझ्या आकडीचं शेपूट

दोन हजार तेवीस साल. मी तेव्हा सत्तरीचा. शाळेच्या पडवीत पोरं माझ्याकडं बोट दाखवून ओरडत होती, "माकड! आजा माकड!" त्यांच्या हातात नवं कोरं पुस्तक. प्राण्यांच्या कवितांचं, रंगीत चित्रांचं.

आमचा पाडा खर्डीच्या वरच्या अंगाला. आदल्या पावसाळ्यात मुंबईची एक चित्रवाली बाई तिथं आली होती. "आजोबा, तुमचं चित्र काढू?" म्हणाली. मी बांधावर बसलो. दुपारभर हललो नाय. बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. जाताना माझ्या शेतातली काकडी तिला दिली.

आता ती बाई पुस्तकं वाटायला आली होती. गुरुजींनी मला पुढं खुर्ची दिली. पान उघडलं.

बांध माझा. डोक्याचं फडकं माझं. पडलेला दात माझा. तोंड माकडाचं.

आमी कमरेला मागं लाकडाची आकडी बांधतो, कोयता अडकवायला. बरोबर तिथनं शेपूट काढलेलं.

खाली कविता. मी दुसरी शिकलेला, बोट ठेवून वाचली. माकडानं काकडी चोरली म्हणे.

चोरली.

"बाई, काकडी मी दिली व्हती."

"अहो आजोबा, गंमत आहे! मुलांना आवडतं."

"हसा की बाबा," गुरुजी म्हणाले, "पुस्तकात आलात!"

मी हसलो. फोटो निघाला. माझ्या मनात काय नव्हतं. राग पण नाय.

माझी नात तिसरीत. रोज माझी आकडी मागनं धरून रानातल्या वाटेनं शाळेत यायची. त्या दिवशी परतताना लांब मागं चालली. घरी आल्यावर म्हणाली, "आजा, उद्या आकडी काडून ये. नायतर येऊच नको."

मी जेवलो. भाताला चव नव्हती की मलाच कळली नाय. झोपलो.

सकाळी उठून आकडी बांधली. कोयता अडकवला. वाटेत वेलाला काकड्या होत्या. एकही तोडली नाय. नात मागं लांबच. वर्गात गेली, वळून बघितलं नाय.

मी गुरुजींना सांगितलं, "ही पुस्तकं बाईला परत जायची. तवर मी हितनं उठत नाय."

आणि शाळेच्या दारात भिंतीला टेकून बसलो. आकडी पाठीत रुतत होती.

गुरुजी म्हणाले, "बाबा, ती आकडी तरी काढून बसा."

"नाय काडत," मी म्हणालो.