पालथी होडी

माझा मामा बोलूनचालून गवंडी. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी आधी भिंती बघायचा, मग माणसं. मामी म्हणायची, मला बघायला आले तेव्हा यांनी आधी आमच्या दाराची चौकट बघितली. अशा माणसाच्या हातून आयुष्यात एकच दगड उलटा बसला, आणि तोही दोन हजार वर्षं जुन्या भिंतीत.

समुद्रकाठी एका जुन्या नगराचे अवशेष आहेत. त्यांची डागडुजी चालली होती तेव्हा मामा विशीत होता. एका दगडावर झिजलेली रेघ होती, ती त्याला कमान वाटली. चुना धरल्यावर मावळतीचं ऊन तिरपं पडलं आणि दिसलं, की ती होडी आहे, पालथी. काम जाईल म्हणून तो गप्प बसला. त्यानंतर दरवर्षी सुट्टीत एक दिवस सायकल काढून तो एकटाच तिथे जायचा. का, ते कुणाला सांगत नसे.

मला कळलं ते त्याच्या सत्तराव्या वर्षी. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून त्याने मला सोबत घेतलं. वारा समोरून, रस्ता किनाऱ्याने पंधरा किलोमीटर. धापा मी टाकत होतो, मामा नाही. वाटेत एका झाडाखाली थांबलो तेव्हा त्याने सगळं सांगितलं आणि माझ्याकडून त्या अवशेषांच्या कचेरीसाठी अर्ज लिहून घेतला. दगड सरळ केल्याशिवाय त्याला मरायचं नव्हतं. मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला उकरून काढतोस?

"चाळीस-पन्नास वर्षं झाकलीय," तो म्हणाला. "हात दुखतो आता."

पोहोचलो तेव्हा त्या भिंतीपुढे गाईड सांगत होता, की पालथी होडी म्हणजे समुद्रावरून परत न आलेल्यांची आठवण. मामाचा चेहरा काळवंडला. माझ्या चुकीवर ही माणसं पोट भरतात, असं पुटपुटला आणि अर्ज काढून कचेरीकडे वळला.

गर्दी पुढे गेली, पण एक बाई दगडावर तळहात टेकून तिथेच उभी राहिली. मामा जवळून जाताना तिने त्याला थांबवून विचारलं, पुन्हा डागडुजी निघणार असं ऐकलंय, खरं का? तिचा मुलगा चार वर्षांपूर्वी होडी घेऊन समुद्रावर गेला होता. काहीच हाती लागलं नव्हतं. जाऊन बसावं अशी दुसरी जागा तिला नव्हती.

"हा दगड हलवणार तर नाहीत ना, काका?"

चुकलेली वीट ठेकेदाराच्या तोंडावर काढून टाकणारा माझा मामा. आता हा खरं सांगून टाकणार, असं मला वाटलं. त्याने हातातला अर्ज घडी करून खिशात ठेवला.

"नाही, ताई. पक्का बसलाय. मी गवंडी आहे, मला कळतं."

परतीच्या वाटेवर त्याच झाडाखाली त्याने अर्ज माझ्या हातात दिला. मी गेल्यावर दे, म्हणाला. मला त्याचा राग आला. स्वतःचं ओझं माझ्या खिशात घालून तो मोकळा झाला होता.

मामाला जाऊन तीन वर्षं झाली. दर सुट्टीत मी सायकल काढतो, अर्ज घेतो आणि कचेरीच्या दारापर्यंत जातो. यंदा ती बाई भिंतीशी होती. तिने मला ओळखलं, काकांची चौकशी केली. मी सांगितलं.

बाजूला सरकून तिने मला जागा करून दिली. मीही दगडावर हात ठेवला. अर्ज अजून माझ्याकडेच आहे.